आरसा लावला म्हणून इमारत नाहीशी होत नाही

शिकागोत मिशिगन सरोवराच्या काठावर मॅकॉर्मिक प्लेस हे अवाढव्य प्रदर्शन केंद्र आहे. त्यातल्या सरोवराकडच्या इमारतीच्या दर्शनी बाजू जवळजवळ सगळ्या काचेच्या आहेत. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी सकाळी या एका इमारतीच्या पायथ्याशी जवळपास हजार मेलेले पक्षी सापडले. हिवाळ्यासाठी दक्षिणेकडे निघालेले, मुठीत मावतील एवढे वॉर्बलर त्यांत सर्वाधिक होते. रात्री आतल्या दिव्यांनी त्यांना खाली ओढले आणि समोर काच आहे हे त्यांना कळलेच नाही. शहरातल्या फील्ड म्युझियमची माणसे १९७८ पासून स्थलांतराच्या दिवसांत या इमारतीभोवती फेरी मारतात आणि पडलेले पक्षी उचलतात. इतक्या वर्षांत या एकाच ठिकाणी उचललेल्या पक्ष्यांची संख्या चाळीस हजारांवर गेली आहे.

पुढच्या उन्हाळ्यात त्या काचांवर एक पातळ फिल्म चिकटवण्यात आली. तिच्यावर दोन-दोन इंचांवर बारीक ठिपके आहेत. लांबून पाहणाऱ्या माणसाला ते जाणवतही नाहीत. सुमारे १२ लाख डॉलर खर्च आला आणि त्यानंतरच्या हंगामात पक्ष्यांचे मृत्यू ९५ टक्क्यांच्या आसपास घटले. उपाय एवढाच होता: काच दिसू लागली.

आरसे लावून किंवा अन्य युक्तीने इमारत भोवतालात दिसेनाशी करायची, या ‘अदृश्य वास्तुकला’ नावाच्या सध्याच्या लाडक्या कल्पनेबद्दल लिहायला मी मुद्दाम इथून सुरुवात करतो आहे. कारण एरवी या विषयाची सुरुवात छायाचित्रांनी होते. वाळवंटात आभाळ पांघरून उभे असलेले घर, जंगलात झाडांच्या प्रतिबिंबांत विरघळलेली खोली. चित्रे सुंदर असतात, यात वाद नाही. पण ती माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून, दुपार टळल्यावर, ठरावीक कोनातून काढलेली असतात. इमारत माणसाला दिसत नाही म्हणून तिने निसर्गाला त्रास दिलेला नाही, असे आपण त्या चित्रांवरून मानायला लागलो आहोत. ही समजूत चुकीची आहे, आणि बांधकामांना परवानगी देणाऱ्यांच्या डोक्यात ती शिरली तर फार महागात पडेल.

आरसा काय करतो ते आधी साध्या भाषेत पाहू. इमारत जागेवरच असते. तिचा पाया, तिचे वजन, तिच्या मोऱ्या, तिचा वातानुकूलन यंत्राचा पंखा, सगळे जिथल्या तिथे. तिच्यावर पडलेला उजेड आणि उष्णता फक्त दुसरीकडे जाते. ती कुठे जाते याचा हिशेब ठेवला नाही तर काय होते, ते लंडनने २०१३ मध्ये पाहिले. राफाएल विन्योली या वास्तुविशारदाने आखलेल्या २०, फेनचर्च स्ट्रीट या गगनचुंबी इमारतीची काच आत वळलेली होती. तिने उन्हाची तिरीप खालच्या रस्त्यावर एकवटली आणि तिथे उभ्या केलेल्या एका जॅग्वार गाडीचे भाग वितळून वाकडे झाले. पुढे त्या इमारतीला उन्हाच्या झडपा बसवाव्या लागल्या. ही इमारत अदृश्य होऊ पाहत नव्हती, पण काचेचा गुणधर्म हेतू विचारत नाही.

पक्ष्यांचेही तसेच. पक्ष्याला आरशात झाड दिसते आणि तो त्या झाडाकडे झेपावतो. माणसाला फसवण्यात आरसा जितका यशस्वी, तितका तो पक्ष्यासाठी घातक. इमारतींना धडकून एकट्या अमेरिकेत दरवर्षी ३६ कोटी ते ९८ कोटींच्या दरम्यान पक्षी मरतात, असा अंदाज तिथल्या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये मांडला. यात आरशांची वाटणी वेगळी काढलेली नाही. साधी काचही तेवढीच जबाबदार आहे. पण साध्या काचेच्या भिंतीवर आकाशाचे प्रतिबिंब पडणे हा अपघात म्हणता येईल. अदृश्य इमारतीत ते प्रतिबिंब हाच मूळ हेतू असतो. न्यूयॉर्क शहराने हा विषय वास्तुविशारदाच्या मर्जीवर सोडला नाही. तिथल्या २०२० च्या कायद्यानुसार नव्या इमारतींच्या पहिल्या ७५ फुटांतली किमान ९० टक्के काच पक्ष्यांना ओळखता येईल अशीच लागते.

या कल्पनेत काहीच चांगले नाही, असे मी म्हणत नाही. स्वीडनच्या उत्तर भागात हाराड्स नावाचे लहानसे गाव आहे. तिथल्या ‘ट्रीहॉटेल’मध्ये २०१० साली थाम आणि विदेगोर्ड या वास्तुविशारदांनी आरशांची एक खोली बांधली. लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी चार मीटर. पाइनच्या एका खोडाभोवती ॲल्युमिनियमचा हलका सांगाडा, बाहेरून आरसे, आतून लाकूड, वर जायला झुलता पूल. तिच्या काचेत पक्ष्यांनाच दिसेल आणि माणसाला दिसणार नाही, असा एक थर घातलेला आहे. मला ही खोली आवडते. दोन माणसांना झोपायला जेवढी जागा लागते, त्याच्या फार पलीकडे ती गेलेली नाही आणि जमीन खणण्याऐवजी ती झाडाला लटकली आहे. आरसे काढून टाकले असते तरी तिने त्या जंगलाचे फारसे बिघडवले नसते. म्हणजे तिची नम्रता तिच्या आकारात आहे. याच हॉटेलने २०२२ मध्ये आणखी एक खोली उभी केली. डॅनिश वास्तुविशारद ब्यार्के इंगल्स यांच्या संस्थेने तिच्याभोवती पक्ष्यांसाठी ३५० घरटी लावली आहेत. ती लांबूनही डोळ्यांत भरते, आणि पक्ष्यांना तिचा उपयोग होतो.

पण जगभर फिरली ती आरशाच्या खोलीची छायाचित्रे, आणि छायाचित्रात तो पक्ष्यांसाठीचा थर दिसत नाही. नक्कल करणाऱ्याच्या हातून आधी तोच गळतो, मग लहान आकार गळतो. उरतो फक्त आरसा.

दक्षिण कोरियात २०१३ मध्ये गाजलेल्या प्रकल्पात तर आरसाही जुना ठरला. इंचॉनजवळ ४५० मीटर उंचीचा मनोरा, ‘टॉवर इन्फिनिटी’. त्याच्या अंगावर वेगवेगळ्या उंचींवर कॅमेरे बसवायचे, पाठीमागचे दृश्य टिपायचे आणि पुढच्या बाजूच्या एलईडी पट्ट्यांवर ते दाखवायचे, म्हणजे मनोरा पारदर्शक भासेल, अशी योजना होती. विमानतळ जवळ आहे, मग वैमानिकांचे काय, हा प्रश्न लोकांनी लगेच विचारला. मला त्याहून मोठा प्रश्न पडतो तो विजेचा. ४५० मीटर उंच वस्तू दिसू नये म्हणून दिवसाढवळ्या तिच्यावर लाखो दिवे जाळायचे. उन्हाशी स्पर्धा करणाऱ्या दिव्यांना किती वीज लागते, हे दुपारी रस्त्यावरचा जाहिरातीचा पडदा चालवणाऱ्या कोणालाही विचारावे. तो मनोरा त्या रूपात आजवर उभा राहिलेला नाही, हे बरेच झाले.

आता सौदी अरेबिया. या विचाराची दोन टोके तिथे एकाच देशात बघायला मिळतात.

वायव्येकडच्या अल-उला भागात ‘मराया’ हे सभागृह आहे. ९,७४० चौरस मीटर आरशांनी ते मढवलेले आहे आणि आरशांची जगातली सर्वांत मोठी इमारत म्हणून गिनेसच्या नोंदीत आहे. भोवतालचे वालुकाश्माचे कडे त्याच्या अंगावर उमटतात. बघणारा थक्क होतो, आणि व्हावे असेच ते आहे. पण त्याच अल-उलाच्या परिसरात हेग्रा आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या नबाती लोकांनी तिथल्या कड्यांत शंभराहून अधिक कबरी कोरल्या. त्यांतली एक, कस्र अल-फरीद, एकट्या उभ्या खडकात कोरलेली आहे. वरचा भाग घासूनपुसून पूर्ण, खालचा ओबडधोबड, अर्धवट सोडलेला. तिच्यावरून कळते की कारागीर वरून सुरुवात करून खाली येत होते. वेरूळचे कैलास लेणे पाहिलेल्याला ही रीत लगेच ओळखू येईल. या कबरी लपत नाहीत. मृताचे नाव आणि घराण्याचा मान लोकांनी लांबून पाहावा म्हणूनच त्या कोरलेल्या आहेत. तरीही त्या परक्या वाटत नाहीत, कारण त्या त्याच दगडाच्या आहेत आणि त्यांच्यासाठी बाहेरून काही आणून उभे करावे लागलेले नाही. मराया कड्याचे चित्र अंगावर वागवते. हेग्राची कबर कड्याचाच भाग आहे.

दुसरे टोक म्हणजे ‘द लाइन’. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या या नियोजित शहराचे रूप जुलै २०२२ मध्ये जगापुढे आले: १७० किलोमीटर लांब, २०० मीटर रुंद आणि ५०० मीटर उंच, दोन्ही बाजूंनी आरसे लावलेली एक सलग भिंत. मुंबई-पुणे अंतराहून लांब. तिच्यात ९० लाख लोक राहतील, जमीन फक्त ३४ चौरस किलोमीटर लागेल आणि नियोम या एकूण प्रदेशातला ९५ टक्के भाग निसर्गासाठी राखला जाईल, असे सांगण्यात आले. २०२४ मध्ये पहिल्या टप्प्याची लांबी जेमतेम अडीच किलोमीटरपर्यंत आखडल्याच्या बातम्या आल्या. पण ती पूर्ण होते की नाही हा माझा मुद्दा नाही. असा प्रस्ताव गंभीरपणे मांडता आला, याचीच मला काळजी वाटते. अर्धा किलोमीटर उंचीची काँक्रीटची भिंत वाळवंटात, युरोप आणि आफ्रिकेच्या दरम्यान ये-जा करणाऱ्या पक्ष्यांच्या वाटेवर उभारतो, असे कोणी नुसते सांगितले असते तर लोक हादरले असते. तिला आरसे लावल्यावर तीच भिंत निसर्गाचा आदर करणारी ठरली.

माझा मुख्य आक्षेप हाच आहे. अदृश्यतेचे आश्वासन इमारतीला लहान होण्याच्या जबाबदारीतून सोडवते. डोंगरावर काही बांधायचे तर उंची किती, रुंदी किती, झाडे किती जाणार, याची घासाघीस होते. झालीच पाहिजे. “पण ते दिसणारच नाही” असे म्हटले की घासाघीस थांबते. दिसणार नसेल तर मोठे बांधले तरी काय बिघडले, हा त्याचा पुढचा अर्थ कोणी मोठ्याने बोलत नाही, पण आराखड्यात तो उतरतो.

आणि ‘द लाइन’च्या बाबतीत नाहीशी झाली ती माणसे. त्या प्रदेशात हुवैतात जमात पिढ्यान्‌पिढ्या राहत होती. प्रकल्पासाठी त्यांची गावे उठवण्यात आली. अल-खुरैबा गावचे अब्दुल रहीम अल-हुवैती यांनी घर सोडायला नकार दिला आणि तसे सांगणारे व्हिडिओ समाजमाध्यमांवर टाकले. एप्रिल २०२० मध्ये ते सुरक्षा दलांच्या गोळीबारात मारले गेले. त्यांनी आधी गोळी चालवली, असे सरकारचे म्हणणे आहे. जमातीच्या लोकांना ते मान्य नाही. पुढे विरोध करणाऱ्यांपैकी काहींना फाशीची शिक्षा झाली तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार तज्ज्ञांनी जाहीर चिंता व्यक्त केली. या प्रकल्पाच्या झळाळत्या चित्रांत वाळवंट रिकामे आहे. तिथे कोणी राहत होते याची खूण एकाही चौकटीत नाही.

लपणे मुळातच वाईट आहे का? अजिबात नाही. रायगडाचा महादरवाजा पाहा. चढून येताना समोर एकसंध तटबंदी दिसते. दोन बुरूज एकमेकांना असे बगल देऊन बांधले आहेत की दरवाजा त्यांच्या पोटात दडतो. शेवटचे वळण घेऊन बुरुजांच्या माऱ्यात आल्याशिवाय तो दिसत नाही. या गोमुखी बांधणीत प्रत्येक दगडाला कारण आहे: शत्रूला तोफेचा नेम धरता येऊ नये, हत्तीला धडक मारायला धाव मिळू नये. कोणापासून लपायचे, हे बांधणाऱ्याला पक्के ठाऊक होते. अजिंठ्याची लेणीही वाघूर नदीच्या नालाकृती वळणात अशी बसली आहेत की पठारावरून चालणाऱ्याला त्यांचा पत्ता लागू नये. पावसाळ्यात एका जागी राहून साधना करणाऱ्या भिक्षूंना तो आडोसा हवाच होता. आजच्या आरशाच्या बंगल्याला विचारावे, तू कोणापासून लपतो आहेस? शेजारच्या गावापासून? परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यापासून? की आत राहणाऱ्याच्या टोचणाऱ्या मनापासून?

जपानमधल्या नाओशिमा बेटावरचे चिचू कला संग्रहालय मला या बाबतीत जास्त प्रामाणिक वाटते, जरी माझा त्याच्याविषयीही एक प्रश्न आहे. तादाओ आंदो यांनी ते २००४ मध्ये टेकडीच्या पोटात बांधले. आकाशातून पाहिले तर हिरवळीत चौकोन आणि त्रिकोण कापल्यासारखे दिसतात; जमिनीवरून जवळजवळ काहीच नाही. आत क्लोद मोने यांची कमळांची पाच चित्रे आहेत, आणि ती फक्त नैसर्गिक उजेडात पाहायची. बूट काढून, सपाता घालून आत जायचे. ढग आला की चित्रे मंदावतात, गेला की उजळतात. लपण्याचा इथे आत येणाऱ्याला काही उपयोग आहे: बाहेरची इमारत गेली म्हणून उजेडाकडे लक्ष जाते. माझा प्रश्न असा की त्यासाठी टेकडी खणावी लागली, भरपूर काँक्रीट ओतावे लागले आणि मग वर पुन्हा माती-झाडे लावावी लागली. पुरलेली इमारत हलकी असतेच असे नाही. सह्याद्रीच्या उतारावर कोणी ‘आम्ही जमिनीखाली बांधतोय’ म्हणून आला, तर आधी पावसाळ्यात तिथले पाणी कुठून वाहते ते विचारले पाहिजे. डोंगर खणल्यावर काय होते, हे माळीण आणि इर्शाळवाडीनंतर दरडींखाली जगणाऱ्या गावांना समजावून सांगावे लागत नाही; त्या दोन दुर्घटनांची कारणे वेगळी असतील, पण उताराशी खेळण्याची भीती खरी आहे.

मला भावलेले उत्तर पणजीत आहे. चार्ल्स कोरिया यांनी मांडवीच्या काठी कांपालला बांधलेली कला अकादमी. रस्त्यावरून ती बसकी, आडवी, झाडांच्या उंचीच्या आत राहिलेली दिसते. तिला आरसे नाहीत. जांभा दगड आहे, सावली देणारे छत आहे आणि रस्त्यापासून नदीपर्यंत जाणारी मोकळी वाट आहे. नाटकाचे तिकीट न काढताही माणूस आत शिरून पलीकडे नदीवर जाऊन बसू शकतो. आतल्या दीनानाथ मंगेशकर कला मंदिरात भिंतींवर मारिओ मिरांडांनी रंगवलेले गोंयकार प्रेक्षक बसलेले आहेत. म्हणजे दृष्टिभ्रमाचा खेळ कोरियांनाही आवडत होता. पण तो त्यांनी आत, रसिकांच्या आनंदासाठी ठेवला. बाहेर नदी आणि लोक यांच्यामध्ये इमारत येऊ नये, एवढीच काळजी घेतली. इमारतीने आड न येणे म्हणजे काय, हे तिथे पायांनी चालून कळते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे: डोळ्यालाही काही किंमत आहे ना? महाबळेश्वरच्या वाटेवर, लोणावळ्याच्या कड्यांवर भडक रंगांची, सात-सात मजली हॉटेले पाहून जीव तुटतो. त्यापेक्षा आरसा परवडला, असे कोणी म्हटले तर त्याला मी हसणार नाही. दृश्याचा विद्रूपपणा हेही नुकसानच आहे. पण त्यावर उपाय कमी बांधणे हा आहे, आणि तो आपल्याकडे करून पाहिलेला आहे. माथेरानला मोटारी दस्तुरी नाक्याला थांबतात. पुढे लाल मातीच्या वाटेने चालताना जुना बंगला त्याच्या फाटकाशी पोचेपर्यंत दिसत नाही. त्याला कोणी अदृश्य केलेले नाही. झाडे तोडली नाहीत, रस्ता रुंद केला नाही, म्हणून तो झाडांआड राहिला. २००३ मध्ये माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाले, तेव्हा खरे तर या जुन्या शिस्तीलाच कायद्याचे बळ मिळाले. अडचणी तिथेही पुष्कळ आहेत. पाण्याची आहे, कचऱ्याची आहे, घोडेवाल्यांच्या आणि हातरिक्षा ओढणाऱ्यांच्या पोटाची आहे. पण इमारत डोळ्याआड ठेवायची तर झाड ठेवावे लागते, हे तिथे दिसते.

कोकणात, गोव्यात आणि घाटमाथ्यावर आता ‘निसर्गाशी एकरूप’ अशा शब्दांत जमिनी आणि बंगले विकले जात आहेत. बांधकामाच्या अर्जासोबत संगणकावर काढलेली चित्रे जोडली जातात आणि त्यांत काचेत डोंगर दिसतो. माझे म्हणणे असे, की अशा ठिकाणी परवानगी देताना हे चित्र पुरावा म्हणून अजिबात धरू नये. नकाशात पोचरस्ता किती रुंद आणि त्यासाठी किती डोंगर कापणार ते दाखवलेले असावे. बोअरवेल किती खोल, शेजारच्या वाडीची विहीर किती अंतरावर, सांडपाणी कुठे जिरणार, जनरेटर कुठे बसणार, रात्री किती दिवे बाहेरून दिसणार, हे लिहिलेले असावे. जंगलालगत आरसा किंवा मोठी काच वापरायची असेल तर ती पक्ष्यांना दिसेल अशीच असली पाहिजे, ही अट सरळ नियमात घालावी. तंत्र उपलब्ध आहे आणि महागडी शहरे ते वापरत आहेत.

आणि हे सगळे ग्रामसभेपुढे मराठीत किंवा कोकणीत वाचून दाखवावे. बांधकामाचा खरा भार पहिल्यांदा कळतो तो तिथेच: टँकर कोणाच्या वाटेने जाणार, ओढा कोणाच्या शेतात शिरणार, गुरे चरायला कुठे न्यायची. असे प्रश्न विचारणाऱ्या माणसाला विकासाच्या आड येतो म्हणून गप्प बसवण्याची सवय आपल्या व्यवस्थेला लागली आहे. ती मोडायची तर गावकऱ्यांनी ही माहिती लेखी मागावी, आणि पाणी कुठून येणार याचे उत्तर हातात पडेपर्यंत ते चित्र पाहायलाही नकार द्यावा.